कानशीच्या पोलादाची सुरी

तात्याआजोबांना लढाईबद्दल विचारलं की ते उठून पाणी प्यायला जात. सुरीबद्दल विचारलं की मात्र बसून बोलत. घरातल्या आम्हा मुलांच्या हे लवकर ध्यानात आलं. इटली, सेनिओ नदी, जंगी पलटण ही नावं मी पहिल्यांदा ऐकली ती त्या सुरीच्या निमित्ताने. तारखा आणि तुकड्यांचे क्रमांक पुढे पुस्तकांतून जुळवले, पण मूळ धागा तात्यांच्या हातातला.

तात्या माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. आमचं गाव तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, माणगाव तालुक्यात. महाड-माणगावच्या पट्ट्यात शेती तुटपुंजी, पाऊस भरपूर आणि पलटणीची वाट जुनी. पहिल्या महायुद्धात मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या पलटणी मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत उपासमार सोसून अखेर शरण गेल्या. आमच्या गावात या सगळ्याला एकच शब्द होता, बसरा. 'तो बसऱ्याला गेला' म्हणजे तो परत आला नाही. घाटावर साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात त्याच युद्धात गेलेल्या ४६ जवानांची आठवण सांगणारी शिळा आहे, म्हणून त्या गावाला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. आमच्याकडे शिळा नव्हती. म्हाताऱ्या बायका नावं सांगत आणि त्या गेल्या की नावंही जात.

१०३ म्हणजेच पुढे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण. १७६८ साली मुंबईच्या शिपायांतून उभी राहिलेली. तात्या तिच्यात दाखल झाले, बेळगावच्या केंद्रात घडले आणि दुसऱ्या महायुद्धात आठव्या हिंदी डिव्हिजनबरोबर इटलीत पोहोचले.

आता ती सुरी. मुठीपासून टोकापर्यंत वीतभर. पातं अरुंद, एकाच बाजूने धारेचं. मूठ मात्र पाहत राहावी अशी. पारदर्शक, लाल आणि पिवळ्या चकत्या एकीवर एक ओवलेल्या आणि दर दोन चकत्यांमध्ये ॲल्युमिनियमची पातळ कडी. पारदर्शक चकत्या पडलेल्या विमानाच्या काचेच्या, म्हणजे पर्स्पेक्सच्या. ॲल्युमिनियम त्याच विमानाच्या अंगाचं. पात्याचा शेपटा सगळ्या चकत्यांतून आरपार काढून टोकाला ठोकून बसवलेला, जसा खिळा उलट बाजूने ठोकून पक्का करतात. बाजूच्या कडीवर खिळ्याने ठिपके ठोकून रोमन अक्षरांत तात्यांचं नाव, त्यातलं एक अक्षर उलटं. पलटणीत हिंदुस्तानी भाषा रोमन लिपीतून शिकवत. तात्यांची अक्षरओळख तिथलीच. नाव त्यांनी स्वतः ठोकलं होतं.

घडवली होती वर्कशॉपातल्या एका पंजाबी मिस्त्रीने. १९४५ चं ते वर्ष नुकतं लागलं होतं. सेनिओच्या अलीकडे आघाडी अडून बसली होती, चिखल आणि थंडी यांनी माणसं वैतागली होती. रिकाम्या हातांना काम हवं होतं. त्या युद्धात सगळ्याच देशांचे सैनिक असल्या सुऱ्या करत होते. मोडकी संगीन, तुटलेली कानस, गाडीचा कमानपाटा, विमानाची काच, जे हाताला लागेल त्यातून. सरकारी सुरी सगळ्यांना सारखी मिळते. ही एकाने दुसऱ्यासाठी केलेली. मिस्त्रीने मोबदला म्हणून सिगारेटचा डबा घेतला. तात्या स्वतः विडीही ओढत नसत, म्हणून वाट्याच्या सिगारेटी साठवून ठेवलेल्या होत्या. त्या मिस्त्रीचं नाव तात्यांना शेवटपर्यंत आठवत होतं, आणि ते आमच्यापैकी कुणीही लिहून ठेवलं नाही. आज ते कुणालाच सांगता येत नाही.

पलटणीतून सुटल्यावर तात्या मुंबईला आले. १९४९ पासून उभ्या राहिलेल्या आरे दुग्धवसाहतीत तबेल्यांवर राखणीची नोकरी मिळाली आणि गोरेगाव कायमचं झालं. पुढे साठच्या दशकात गृहनिर्माण मंडळाने मोतीलाल नगरची बैठी घरं बांधली, त्यांतल्या एका घरात आमचं सगळं खटलं राहिलं. स्वयंपाकघरावर लाकडी माळा, माळ्यावर तात्यांची हिरवी लोखंडी ट्रंक, ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. सुरी त्या ट्रंकेत, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली. रायफलच्या नळीतून ओढतात तसल्या चिंधीची एक पट्टी खास त्यासाठी राखलेली होती. तात्या महिन्याला एकदा सुरी काढून पुसत. बोटांचे ठसे पात्यावर राहता कामा नयेत हा दंडक. घामाने पोलादाला गंज धरतो हे मला शाळेच्या विज्ञानाआधी त्यांच्याकडून कळलं.

रात्रीचा पहारा द्यायला आमच्या गल्ल्यांत एक नेपाळी गृहस्थ होते. आम्ही त्यांना बहादूरकाका म्हणत असू. मुंबईच्या उपनगरांतल्या कितीतरी गुरख्यांप्रमाणे तेही पेन्शनीत निघालेले शिपाई. १९४७ साली गुरख्यांच्या दहा रेजिमेंटांपैकी सहा भारताकडे राहिल्या आणि चार ब्रिटिशांकडे गेल्या. काका पाचव्या रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे, म्हणजे भारताकडे राहिलेले. ही बटालियनसुद्धा इटलीत आठव्या डिव्हिजनमध्येच होती. तात्या एकविसाव्या ब्रिगेडमध्ये, काका सतराव्या. वीस-पंचवीस वर्षांनी गोरेगावात एका नळावर पाणी भरताना दोघांना हे कळलं. तेव्हापासून पहाटे पहारा संपला की काका आमच्या ओट्यावर चहाला थांबत. दोघं पलटणीच्या हिंदुस्तानीत बोलत, जी ना धड हिंदी होती ना उर्दू, आणि घरात दुसऱ्या कुणालाही नीट कळत नसे.

काकांच्या कमरेला खुकरी असे. सरकारी नव्हे. पूर्व नेपाळात, भोजपूरच्या बाजूला, त्यांच्या गावच्या कामीने म्हणजे लोहाराने घडवलेली. काका भरती व्हायला निघाले तेव्हा त्यांच्या वडिलांनी दिलेली. म्यानात मागच्या बाजूला दोन छोट्या सुऱ्या: एक कर्द, बारीकसारीक कापायला, दुसरी चकमक, बोथट, धार सरळ करायला आणि गारेवर ठिणगी पाडायला. खुकरी उपसली की रक्त चाखवल्याशिवाय म्यान करायची नाही, ही दंतकथा आम्ही पोरांनी त्यांना ऐकवली. त्यांनी शांतपणे खुकरी काढली, ओट्यावरचं सरपण फोडलं, चहासाठी आलं ठेचलं, पुसली आणि म्यानात घातली.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. पाटावर कोयता, विळी, तात्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूआजीच्या, शिवणयंत्राची कात्री, वडिलांचा पाना आणि पक्कड आणि या सगळ्यांच्या मध्ये ती सुरी. त्याच दिवशी बहादूरकाकांच्या दशैंचीही नवमी. त्यांच्या खोलीत जागा नव्हती, म्हणून त्यांची खुकरी आमच्याच पाटावर येई. काकूआजी दोन्हींना हळद-कुंकू लावी, झेंडूची फुलं वाही. तात्या आणि काका दोघंही त्या वेळी सावधान उभे राहत. नमस्कार नंतर. असं उभं राहायला त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

एका खंडेनवमीला मात्र घोटाळा झाला. प्रसादाचा नारळ फोडला, आणि काकूआजीने वाटीतलं खोबरं सोडवायला हाताशी असलेली सुरी घेतली. टोक करवंटीत रुतलं आणि तिने जरा जोर केला. टक् असा आवाज आला. सुरीचं टोक, जवळजवळ नखभर, वाटीत राहिलं. काकूआजीचा चेहरा पांढरा पडला. तात्या काहीच बोलले नाहीत. ते ओट्यावर जाऊन बसले. जेवणाला उठले नाहीत.

दसऱ्याच्या सुमाराला आरे रोडच्या कडेला घिसाड्यांची पालं पडत. एक भाता, एक ऐरण, घण मारणारी बाई आणि सांडशीत लोखंड धरून बसलेला तिचा नवरा. काकूआजी मला घेऊन त्यांच्याकडे गेली. घिसाड्याने सुरी हातात घेतली, आधी मुठीकडे पाहिलंच नाही. पातं उन्हात तिरकं धरलं, नखाने टिचकी मारून आवाज ऐकला आणि मला जवळ बोलावलं. मुठीलगत, जिथे पातं सुरू होतं तिथे, बारीक तिरक्या रेषा होत्या. मी त्या शंभरदा पाहिल्या असतील आणि नक्षी समजलो असेन. तो म्हणाला, "हे कानशीचे दात हायेत. घासताना तिथवर हात पोचला न्हाई. कानशीचं पोलाद लय कडक, पाणी जास्त दिलंय. धार टिकती, पर वाकवलं की मोडतं. करनारा घाईत व्हता."

त्याचं निदान नेमकं होतं. कानशीच्या पोलादात कार्बन जास्त. ते तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवलं की काचेसारखं कडक होतं, आणि मग पुन्हा हलक्या आचेवर धरून, रंग गवती पिवळा किंवा निळसर होईपर्यंत, त्याचा कडकपणा उतरवावा लागतो. आघाडीवरच्या मिस्त्रीला त्यासाठी सवड नव्हती, किंवा भट्टी विझवायचा हुकूम झाला असेल. घिसाड्याने सुरी भट्टीत घालायला साफ नकार दिला. मूठ वितळून जाईल, म्हणाला. पाणी घालून दगडावर घासूनच त्याने नवं टोक काढलं. त्याला बराच वेळ लागला. सुरी नखभर आखूड झाली. पैसे घ्यायला तो तयार नव्हता. त्याने एवढंच विचारलं, की ही सुरी कुठल्या लोहाराची. काकूआजीने सांगितलं, पंजाबच्या. त्याने मान डोलावली आणि सुरी कपाळाला लावून परत दिली.

घरी आल्यावर काकूआजीने घिसाड्याचं बोलणं तात्यांना जसंच्या तसं सांगितलं. 'करणारा घाईत होता' हे ऐकल्यावर तात्या बोलायला लागले. बहादूरकाका पहाऱ्याला निघायच्या आधी आले होते, तेही बसले.

सेनिओ काही मोठी नदी नव्हे. पण तिच्या दोन्ही काठांना पुरासाठी घातलेले उंच मातीचे बांध होते आणि जर्मनांनी ते बांध आतून पोखरून त्यांत मशीनगनी बसवल्या होत्या. ९ एप्रिल १९४५ ला दुपारभर विमानांनी आणि तोफांनी ते बांध भाजून काढले, आणि संध्याकाळी पलटण पाण्यात उतरली. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव त्या दिवशी आपल्या कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे, होते. कंपनी कमांडर आणि आणखी दोघे जखमी होऊन पडले होते. जाधवांनी दोन जखमींना एकामागून एक, खोल पाण्यातून, निसरड्या बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेलं. मग एकटे परतले, एक मशीनगन ठाणं टॉमीगनने गप्प केलं, हात जायबंदी झाल्यावर ती टाकून दिली आणि हातगोळ्यांनी आणखी दोन ठाणी गप्प केली. शेवटी बांधावर उभं राहून त्यांनी शिवाजी महाराजांचा जयजयकार केला आणि उरलेल्यांना वर बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तात्या दुसऱ्या कंपनीत होते. त्यांनी ती ललकारी ऐकली होती, माणूस दिसला नव्हता.

"आणि सुरी?" मी विचारलं.

तात्या म्हणाले, "सुरीनं मी त्या रात्री कापडं कापली. बुटांच्या नाड्या कापल्या. जखमी माणसाचा बूट भिजून फुगतो, ओढून निघत नाही. पँट गुडघ्यापासून फाडावी लागते. पाच-सहा जणांची कापली असतील. त्यातला एक माझ्या हातातच गेला. माणूस नाही मारला मी हिनं. मारले ते दुसऱ्यानं, लांबून." मग काकूआजीकडे वळून म्हणाले, "टोक मोडल्याचं दुःख नाही. त्या टोकानं नाडी उचलायचो. म्हणून लक्ष होतं त्याच्यावर."

काका बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी त्यांच्या बटालियनच्या थमन गुरुंगांची गोष्ट सांगितली, १० नोव्हेंबर १९४४ ची, सान बार्तोलो डोंगरावरची. बाकीच्यांना मागे सरता यावं म्हणून गुरुंग उघड्या माथ्यावर एकटे उभे राहिले आणि तिथेच पडले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण मरणोत्तर. काकांच्या सांगण्यात खुकरीचा उल्लेख एकदाही आला नाही. चित्रपटांत आणि पोस्टरांवर खुकरी उगारलेलीच असते. ज्यांनी ती कमरेला बांधली त्यांच्या बोलण्यात सरपण होतं, आलं होतं, खंदकातली माती होती.

आमच्या तालुक्याचा मोठा अभिमान म्हणजे नाईक यशवंत घाडगे. पळसगावचे. तिसऱ्या बटालियनचे. १० जुलै १९४४ ला, वरच्या टायबर खोऱ्यात, त्यांच्या सेक्शनमधले त्यांच्याखेरीज सगळे जखमी झाले किंवा मेले. ते एकटेच मशीनगनवर धावून गेले. हातगोळा टाकला, एकाला टॉमीगनने टिपलं, मॅगझीन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय बावीस. त्यांचं थडगं नाही, नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं. इटलीच्या त्या मोहिमेत ५,७८२ हिंदी सैनिक कामी आले. परक्या गावाने आपल्या माणसाची एवढी आठवण ठेवावी याने माझा ऊर भरून येतो, आणि आपल्याच घरांत आपण किती थोडं जपलं याची चुटपुटही लागते.

आमच्या घराचीच ही गोष्ट नव्हे. मागच्या ओळीत राहणाऱ्या एका सुभेदारकाकांकडे नागा लोहाराचा दाव, म्हणजे कोयता, होता. चौथी मराठा बटालियन मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला जपान्यांपुढे चार-पाच दिवस पाय रोवून उभी राहिली, तिथला. त्यांच्या सुना त्याने शहाळी सोलत, आणि सुभेदारकाकांना त्याचं वाईट वाटत नसे, उलट आवडत असे. घाडग्यांची तिसरी बटालियन स्वातंत्र्यानंतर पॅरा रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली आणि तिनेच ११ डिसेंबर १९७१ ला टांगाइलला हवेतून उतरून पुंगली पूल ताब्यात घेतला. एकविसावी मराठा पुढे २१ पॅरा झाली, स्पेशल फोर्सेसची तुकडी. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक तिचे. नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात ते धारातीर्थी पडले आणि दोन वर्षांनी त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक स्वतः लष्करात अधिकारी झाल्या. या तुकड्यांच्या छातीवरच्या 'बलिदान' बिल्ल्यातही खंजीरच आहे.

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याला आली तेव्हा मी रांगेत उभा राहून पाहिली. ती शिवाजी महाराजांनी वापरलेलीच आहेत असं खात्रीने सांगता येत नाही, असं ते संग्रहालयच सांगतं. तरीही ती इतकी वर्षं ओळखीसकट टिकली, कारण साताऱ्याचा रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफच्या घराण्यात त्यांच्या पेटीवर चार ओळी लिहिलेल्या होत्या: कुणाची, कुणी दिली, कुठे. लोखंड आपोआप टिकतं. त्याची माहिती कुणीतरी लिहावी लागते. ज्याच्याकडून हे शिकावं असा ग्रँट डफ नव्हता, पण पेटीवरच्या त्या ओळी त्याच्याच घरातल्या.

तात्या गेले तेव्हा सुरी माझ्या वडिलांकडे आली, आता माझ्याकडे आहे. बहादूरकाका त्याआधीच गावी परतले होते. खुकरी त्यांच्या मुलाने नेली असणार. मी तात्यांच्या तोंडचं आठवेल तेवढं एका कागदावर लिहून सुरीच्या डब्यात ठेवलं आहे. मिस्त्रीच्या नावाची जागा कोरी सोडली आहे.

आता मोतीलाल नगराचा पुनर्विकास होऊ घातला आहे. बैठी घरं जातील, माळे जातील, माळ्यांवरच्या ट्रंका खाली उतरतील. सामान आवरणाऱ्यांना घाई असते आणि भंगारवाला दारात उभा असतो. गोरेगावातच नव्हे, कांदिवलीपासून मुलुंडपर्यंत, जिथे पेन्शनीतले फौजी राहिले त्या प्रत्येक वस्तीत हे चाललं आहे. म्हणून हे एवढं करा. असली सुरी, खुकरी, दाव मिळाला तर चकचकीत घासून काढू नका, कानशीचे दात निघून जातील. चामड्याच्या म्यानात घालून ठेवू नका, चामड्याने पोलादाला गंज चढतो. वेगळं ठेवा आणि पात्याला हलकं तेल लावा. मूठ पर्स्पेक्सची असेल तर तिला स्पिरिट लावू नका, तडे जातात. पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असेल तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचे नियम त्याला लागू होऊ शकतात. पोलीस ठाण्यात चौकशी करून घ्या, घाबरून फेकून देऊ नका. पलटण आणि नंबर ठाऊक असेल तर मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बेळगावच्या अभिलेख कार्यालयाला पत्र लिहा. आणि घरात कुणी नव्वदीतलं माणूस असेल, त्या फौजीची बायको, बहीण, धाकटा भाऊ, तर आजच शेजारी बसून विचारा: कुणी घडवली, कशातून, कुठे, आणि हिने नेमकं काय कापलं. घडवणाऱ्याचं नाव आधी लिहून घ्या.